लाल शर्टातला खासदार

दुबई कायमची सोडली तेव्हा एअरपोर्टवर माझी बॅग जास्त भरली. काउंटरवरच्या मुलीने आधी लोणच्याची बरणी काढायला लावली, मग पोळपाट. मी म्हटलं, काढ बाई, काढ काय काढायचं ते. खरं वजन माझ्या डोक्यात आहे, त्याला तुझा काटा पुरायचा नाही!

ते वजन म्हणजे किस्से. परदेशात चार मराठी माणसं एकत्र आली की दोन मंडळं होतात आणि किस्से किती होतात ते विचारूच नका. एक सांगायला घेतला की मागचा ओरडतो, मला विसरलीस काय गं? सगळे सांगत बसले तर तुमचा चहा गार होईल. म्हणून आज फक्त एका नाटकाचे सांगते. नव्वद सालानंतरचा काळ. मी दुबईतल्या देरा भागात एका क्लिअरिंगच्या ऑफिसात नोकरीला होते. मंडळात माझं काम दोनच, प्रॉम्प्टिंग करणं आणि पडद्याची दोरी ओढणं. त्यामुळे जे प्रेक्षकांना दिसत नाही ते सगळं मला दिसायचं.

*

सुरुवात झाली मंडळाच्या मीटिंगमध्ये. अध्यक्ष होते सबनीस साहेब. पुण्याचे, बँकेतले, शर्टाला इस्त्री आणि बोलण्यालाही. म्हणाले, "यंदा काहीतरी लाइट घेऊ या. लोक आठवडाभर मान मोडून काम करतात, शुक्रवारी हसायला येतात."

तेवढ्यात बापू सरंजामे उभा राहिला. बापू बेळगावचा. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर. म्हणाला, "मी नाटक लिहिलंय. तीन अंकी. इटलीतल्या एका जनरलवर."

सबनीस साहेबांनी चष्मा पुसला. "इटालियन? मग एखादा पिझ्झावाला स्पॉन्सर मिळतो का बघू."

"स्पॉन्सर नंतर बघा, आधी माणूस बघा!" असं म्हणून बापू जो सुटला तो थांबेचना. माणूस एकोणिसाव्या शतकातला. समुद्रकाठच्या गावात खलाशाच्या घरी जन्मला. तरुणपणी बंड केलं, सरकारने फाशी सुनावली, तर हा समुद्रापार पसार. तिकडे परक्या लोकांच्या लढाया लढत लढाई शिकला. परत येऊन साधी माणसं गोळा केली, त्यांना लाल शर्ट घातले आणि बघता बघता अर्धा देश जिंकला! जिंकलेला मुलूख राजाच्या हातात ठेवला. राजाने पदव्या पुढे केल्या, पैसा पुढे केला. याने काय घेतलं? बियाण्याचं पोतं! ते घेऊन कुठल्याशा बेटावर शेती करायला गेला. पुढे लोकांनी निवडून पार्लमेंटात पाठवला, तर तिथेही कोट-टाय नाही. लाल शर्टातच जाऊन बसला.

"आणि तिथे काय केलं त्याने?" मी विचारलं.

"भांडला!" बापू म्हणाला. "त्याचं जन्मगाव सरकारने शेजारच्या बादशहाला देऊन टाकलं होतं. कुणाला न विचारता. तो भर सभेत उभा राहिला, म्हणाला तुम्ही मला माझ्याच देशात परका केलंत. आणि राजीनामा फेकला. हा माझा तिसरा अंक."

बापूची बायको वासंती माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "शैला, हा कसला जनरल? हे तर आमचे मामंजी!"

मामंजी म्हणजे बापूचे वडील, आण्णा. त्यांच्याकडे येतेच मी.

*

नाटकात त्या जनरलला नावच नव्हतं. सगळे नुसतं "जनरल" म्हणायचे. मी कारण विचारलं तर बापू म्हणाला, "नाव घातलं की लोकांना शाळा आठवते. शाळा आठवली की झोप येते."

मी विचारलं, "बरं, पण तूच सांगितलंस की खऱ्या इतिहासात राजीनामा आधी दिला आणि अर्धा देश नंतर जिंकला. मग नाटकात राजीनामा शेवटी कसा?"

"इतिहासाला मध्यंतर नसतं गं. आपल्याला असतं. त्यात बटाटेवडे खपले पाहिजेत."

*

सैन्याला लाल शर्ट हवे होते. सतवा भागात एक युनिफॉर्म शिवणारा होता. त्याच्याकडे लाल शर्टांचा गठ्ठाच्या गठ्ठा पडून होता, कुणीतरी ऑर्डर देऊन उचलायलाच आला नव्हता. बापूने उचलला. घरी आणून उघडतो तर काय, प्रत्येक शर्टाच्या पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत छापलेलं: "फ्रेश ज्यूस अँड शवर्मा"!

मी कपाळाला हात लावला. बापू मात्र खूश. म्हणाला, "अगं, जनरलचेही असेच होते म्हणतात! कसाईखान्यातल्या कामगारांसाठी शिवलेला माल पडून होता, तो याने स्वस्तात उचलला. शैला, हा शुभशकुन आहे!"

"शकुन ठीक आहे रे, पण पाठीवरच्या शवर्म्याचं काय?"

बापूने तिथल्या तिथे सैन्याला उभं केलं. माझा नवरा सुहासही त्यात होता. "ऐका! जनरलचा हुकूम आहे. काहीही होवो, शत्रू येवो नाहीतर तोफ फुटो, पाठ दाखवायची नाही!"

सुहास म्हणाला, "आणि मेल्यावर?"

"मेल्यावर उताणं पडायचं!"

*

बापू भूमिकेत शिरला म्हणजे इतका शिरला की ऑफिसातही लाल शर्ट घालून जायला लागला. ज्यूसवाला नाही, साधा. त्याचा मॅनेजर इंग्रज होता. त्याने केबिनमध्ये बोलावलं. "मिस्टर सरंजामे, हे काय आहे?"

"शर्ट," बापू म्हणाला.

"दिसतंय. पण आपला ड्रेस कोड आहे."

"वाचलाय सर. कॉलर पाहिजे, आहे. फुल बाह्या पाहिजेत, आहेत. रंगाबद्दल त्यात काही नाही."

मॅनेजरने कोड मागवला, वाचला, पुन्हा वाचला. रंगाबद्दल खरंच काही नव्हतं! संध्याकाळी सर्क्युलर फिरलं, पुढच्या महिन्यापासून फक्त फिके रंग. बापूने सही केली आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून ना? नो प्रॉब्लेम. आमचा प्रयोग या महिन्यात आहे."

वासंती त्या रात्री त्याच्यावर खूप चिडली. नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर लेकीची, ईशाची शाळा गेली. बापू म्हणाला, "अगं, फक्त शर्ट आहे तो." वासंती म्हणाली, "तुमच्या घरात काहीच फक्त नसतं!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच त्या शर्टाला इस्त्री करून ठेवली.

*

तालमी व्हायच्या अल क्वोजला, शिवप्पाच्या वर्कशॉपमध्ये. एसी नाही, नुसता पंखा, आणि पंखा लावला की लाकडाचा भुसा नाकातोंडात. शिवप्पा तिथला फोरमन. धारवाडचा, कानडी, पण मराठी खणखणीत. बापू आणि तो बॅचलर असताना एकाच खोलीत राहायचे. रोज भांडायचे आणि रोज एकाच पातेल्यातलं जेवायचे.

भांडणाचा विषय ठरलेला. राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा बापूचं बेळगाव शिवप्पाच्या राज्यात गेलं. तिथली मराठी माणसं तेव्हापासून भांडतायत. बापू म्हणायचा, "आमचं बेळगाव!" शिवप्पा म्हणायचा, "घेऊन जा की रे! पण आमटी आधी वाढ."

तर नाटकात एक पंतप्रधान होता, जनरलचं गाव देऊन टाकणारा. ती भूमिका करायला कुणी तयार होईना. सगळ्यांना सैन्यात जायचं होतं. बापूने सगळ्यांकडे पाहिलं आणि मग रंधा मारत बसलेल्या शिवप्पाकडे वळला.

"शिवप्पा, पंतप्रधान तू."

शिवप्पाचा रंधा थांबला. "म्हणजे गाव देणारा मी?"

"तुझं मराठी चांगलं आहे म्हणून."

"मराठी बघून नाही रे, तू माझं गाव बघून घेतोयस मला!" सगळे पोट धरून हसले. शेवटी तो तयार झाला, पण एका अटीवर. पंतप्रधानाचं टेबल जनरलच्या टेबलापेक्षा मोठं पाहिजे. सुतारकाम त्याच्याच हातात! केलं की त्याने. इतकं मोठं केलं की मागे बसलेलं अख्खं पार्लमेंट दिसेना. बापूने ओरडून ओरडून ते कापायला लावलं.

तिसऱ्या अंकाच्या तालमीत बापू सगळ्यांना समजावून सांगत होता. त्या गावात सरकारने मतदान घेतलं होतं, पण कसलं? 'नको' म्हणणाऱ्याची चिठ्ठीच कुणी छापली नव्हती म्हणतात. पेटीत टाकायला फक्त 'हो'च्या चिठ्ठ्या!

शिवप्पाने संवादाचा कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "हे मात्र चीटिंग झालं बरं का."

*

मधेच सबनीस साहेब तालीम बघायला आले. जनरलची एन्ट्री पायी आहे हे बघून नाराज झाले. "घोडा का नाही? लढाई आहे ना?"

"घोडा कुठून आणू?" बापू म्हणाला.

"मग उंट आणा. लोकल टच येईल. स्पॉन्सरलाही आवडेल."

बापूने एवढंच विचारलं, "साहेब, उंट हॉलच्या दारातून आत घ्यायला तुम्ही थांबाल का?" उंटाचा विषय खलास.

*

आता आण्णा.

आण्णा बेळगावला मराठी शाळेत मास्तर होते. सीमेच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. बापू लहान असताना रोज रात्री जेवताना त्या इटालियन जनरलची गोष्ट त्यांनीच सांगितली होती. बापू त्यांना वर्षानुवर्षं म्हणत होता, आण्णा, एकदा दुबईला या, नातीला भेटा. आण्णा यायला तयार, पण पासपोर्ट काढायला तयार नाहीत! का? तर त्यात जन्मगावापुढे राज्याचं नाव छापतात. "मी जन्मलो तेव्हा ते राज्य कुठं होतं रे? नको मला तो कागद."

म्हणजे बघा, एका शब्दासाठी माणूस नातीला भेटला नाही! मला आधी राग आला होता त्यांचा. आता येत नाही.

मग बापूने फोन केला. "आण्णा, मी जनरलवर नाटक लिहिलंय. तिसऱ्या अंकात तो पार्लमेंटात उभा राहतो."

मग आण्णा म्हणाले, "काय बोलतो तिथं?"

"या आणि ऐका."

आण्णांनी पासपोर्ट काढला. हातात आल्यावर ते पान त्यांनी एकदाच बघितलं म्हणे. बापू एअरपोर्टवर घ्यायला गेला तर म्हातारा धोतर, कोट, हातात काठी आणि बेळगावी कुंद्याचा डबा घेऊन उभा. पहिलं वाक्य काय, तर "छापणाऱ्याच्या चुकीला मी जबाबदार नाही. प्रयोग कधी आहे?"

व्हिजिट व्हिसावर आलेले. प्रयोग झाला की रविवारी परतायचं. दम्याचा त्रास होता, पुन्हा यायची शक्यता नव्हती. म्हणजे तो तिसरा अंक त्यांना दिसायचा तर त्याच शुक्रवारी. बापूला रात्र रात्र झोप लागायची नाही. वासंती मला म्हणाली, "याला टाळ्या नकोत गं. याला फक्त आण्णांनी तो अंक बघायला हवाय."

*

आण्णा आले त्या आठवड्यात बापूच्या करामा भागातल्या घरी जेवण होतं. सबनीस साहेब आण्णांच्या शेजारी बसले, अगदी गोड आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्ही मूळचे कुठले?"

"बेळगाव."

"अच्छा अच्छा! म्हणजे कर्नाटकातले!"

वासंतीच्या हातातली डाव तशीच राहिली. आण्णांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली, पाणी प्यायले, उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. सबनीस साहेबांना कळेना काय झालं. ईशाने मागून जाऊन विचारलं, "आजोबा, व्हाय आर यू सो अँग्री?" आण्णा म्हणाले, "बाळ, मला कुणी दुसऱ्याचं नाव घेऊन हाक मारली."

मी सबनीस साहेबांना म्हटलं, "तुम्हाला कुणी विचारलं कुठले, तुम्ही म्हणालात पुण्याचे, आणि त्याने परस्पर तुम्हाला भलत्याच राज्याचं करून टाकलं तर?"

ते म्हणाले, "वहिनी, इतकं काय पर्सनली घ्यायचं?"

मी त्यांच्या पुढचं श्रीखंड उचललं आणि आत नेलं.

*

आण्णा तालमीलाही यायचे. वर्कशॉपमध्ये एका लाकडी पेटीवर बसायचे, काठी पुढे धरून. बेळगावात जन्म गेला, त्यामुळे कानडी त्यांना मातृभाषेसारखी येत होती. पण सत्याग्रहानंतर ठरवून टाकलेलं, कानडी बोलायचं नाही. कळत नाही असंच दाखवायचे.

शिवप्पाला ते फार आवडले. रोज स्वतः चहा घेऊन यायचा. "आण्णा, साखर बघा, कमी आहे काय?" मराठीत विचारायचा. आण्णा त्याच्याकडे बघायचे नाहीत, बापूला म्हणायचे, "त्याला सांग, ठीक आहे."

तो समोर उभा! मराठीच बोलतोय! तरीही, "त्याला सांग."

मी शिवप्पाला म्हटलं, "तुला राग येत नाही?" तो हसला. "ताई, ते माझ्याशी बोलत नाहीत, पंतप्रधानाशी अबोला आहे त्यांचा. मी काय करू?"

*

प्रयोगाच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी दुपारी, सबनीस साहेब मला विंगेत गाठून म्हणाले, "शैलावहिनी, थोडा बदल. दुसऱ्या अंकानंतर स्पॉन्सर साहेबांचा सत्कार, मग त्यांचं भाषण, मग कमिटीचा सत्कार. त्यानंतर वेळ उरला तर तिसरा अंक."

आम्ही ऊद मेथाच्या शाळेचा हॉल घेतला होता. वेळेवर रिकामा नाही केला तर वॉचमन सरळ दिवे घालवायचा. दुसऱ्या अंकानंतर एवढे सत्कार म्हटल्यावर वेळ उरणार नव्हता, हे शेंबड्या पोराला कळलं असतं.

"साहेब, सरळ सांगा की, तिसरा अंक नको आहे."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "अहो, पार्लमेंट, राजीनामा, गाव दिलं, गाव घेतलं, कशाला हे पॉलिटिक्स? आपण इथे पोट भरायला आलोय. पहिल्या दोन अंकांत लढाया आहेत, गाणी आहेत, लोक खूश होऊन जातील. विषय मिटला."

तिथे थांबले असते तर हात उचलला असता. मी तडक मेकअप रूममध्ये गेले आणि बापूला सांगितलं.

बापू दाढी चिकटवत होता. तसाच थांबला, अर्धी दाढी लागलेली. बाहेर पहिल्या रांगेत आण्णा येऊन बसले होते, कोटाची सगळी बटणं लावून. फटीतून दिसत होते.

"रविवारी जातायत ते," बापू म्हणाला. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याने उरलेली दाढी चिकटवली आणि उठला. "शैला, सेट लाव. पार्लमेंटचा."

"आत्ता? पहिला अंक?"

"पहिला नाही. तिसरा! तिसऱ्यापासून सुरू करतोय आपण."

"अरे, लोकांना कळेल का काही?"

"इतिहासात असंच झालं होतं ना? आधी राजीनामा, मग लढाई! आज आपण इतिहासाप्रमाणे जाऊ. यल्ला, चला, टेबल घ्या!"

सुहास आणि सगळे लाल शर्टवाले पळत सुटले. शिवप्पाने एकट्याने ते पंतप्रधानाचं टेबल ओढत आणलं. मी तिसरी घंटा दिली आणि पडदा वर घेतला. सबनीस साहेब विंगेत आले, हातात सत्काराचं तबक, त्यात शाल, नारळ, पुष्पगुच्छ. त्यांनी स्टेजकडे बघितलं आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

स्टेजच्या मधोमध बापू उभा राहिला. लाल शर्ट. मागे पार्लमेंट, म्हणजे बाकांवर बसवलेलं सैन्यच, समोर पंतप्रधान. म्हणाला, "ज्या गावात मी जन्मलो, ते गाव तुम्ही एका सहीने देऊन टाकलंत. मला विचारलं नाहीत. गावाला विचारलं नाहीत. आज माझ्याच देशात मी परका आहे. सांगा, मी आता कुठला?"

हॉलमध्ये बसलेली सगळी परमुलखात राहणारी माणसं हो! कुठला, हा प्रश्न प्रत्येकाला रोज कुणीतरी विचारतच होतं.

आता पंतप्रधानाचं वाक्य होतं, "गाव दिलं. विषय संपला." शिवप्पाने तोंड उघडलं. त्याची नजर पहिल्या रांगेत गेली. आण्णा काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडेच बघत होते. तालमीत एकदाही बघितलं नव्हतं त्यांनी. आत्ता बघत होते.

शिवप्पा बोलेना. मला वाटलं विसरला. मी विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं, "गाव दिलं, विषय संपला." नाही. जरा मोठ्याने, "गाव दिलं, विषय संपला!" तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं असेल.

शिवप्पा माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकू आलंय ओ ताई. म्हणणार नाही मी."

मग टेबलाला वळसा घालून तो बापूसमोर आला. "घ्या तुमचं गाव. घेऊन जा."

बापू गार पडला. नाटक विसरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे शहाण्या, मग मी राजीनामा कशाचा देऊ?"

हॉल हसून हसून कोसळला. सबनीस साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, पडदा! पडदा पाडा आधी!"

आणि आण्णा उभे राहिले.

काठी वर करून ते शिवप्पाशी बोलले. थेट. आणि कानडीत! अस्सल, सरळ, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा मास्तरांच्या आवाजात. बापूने जन्मात कधी वडिलांच्या तोंडून कानडी ऐकली नव्हती. तो नुसता बघत राहिला. वासंतीने तोंडाला पदर लावला.

आम्हाला कुणाला काही कळलं नाही. शिवप्पाने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि हॉलकडे वळला. पंतप्रधानाच्या आवाजात म्हणाला, "आण्णा सांगतायत, असं दान नको. देणारे तुम्ही कोण? लोकांना विचारा. मत घ्या." मग जरा थांबून म्हणाला, "बरोबर आहे. तर विचारतो. गाव गावाला परत द्यायचं, याच्या बाजूने कोण कोण? हात वर करा!"

आणि पहिला हात त्यानेच वर केला.

मग सैन्याचे. सुहास आणि सगळे हात वर करून मागे कोण कोण आहे बघायला वळले आणि पाठीवरचं फ्रेश ज्यूस अँड शवर्मा अख्ख्या हॉलने वाचलं. मग हॉलचे हात. पहिली रांग, बाल्कनी, वड्यांच्या काउंटरवरच्या बायका, आणि मागच्या दारात उभ्या असलेल्या त्या वॉचमनचासुद्धा! त्याला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं, बिचाऱ्याने सगळ्यांनी केला म्हणून केला.

"वहिनी, पडदा!" सबनीस साहेब ओरडले.

पडदा कसा पाडणार! दोरी सोडून माझेही हात वर होते.

आण्णा मात्र बसले नाहीत. "थांबा," ते म्हणाले, या वेळी मराठीत. "विरोधात कोण, तेही विचारा. दोन्ही चिठ्ठ्या लागतात."

शिवप्पाने विचारलं, "विरोधात कोण?"

हॉलमध्ये एकही हात नाही. सगळ्यांनी विंगेकडे पाहिलं. सबनीस साहेबांचे दोन्ही हात तबकाला होते.

आण्णांनी कोट सारखा केला आणि खाली बसले. काठी पुढे रोवली.

"हं," ते म्हणाले. "आता पहिला अंक लावा."